टपालाच्या थैलीतून उभी राहिलेली विमान कंपनी

लंडनहून विमानाने निघालेलं पत्र १९२९ साली आठवडाभरात कराचीला पोहोचू लागलं. ३० मार्च १९२९ रोजी इम्पिरियल एअरवेजने ही सेवा सुरू केली, आणि युरोप व हिंदुस्थान यांच्यातलं अंतर बोटीच्या हिशेबातून पहिल्यांदा बाहेर पडलं. कराचीला मात्र ते पत्र विमानातून उतरायचं आणि आगगाडीत चढायचं. तिथून मुंबई, पुढे मद्रास. कापसाचे व्यापारी, जहाज कंपन्या, बँका यांची सगळी घाई कराचीच्या स्टेशनावर येऊन अडायची. आपल्या देशाची विमान कंपनी या खोळंब्यातून जन्माला आली.

एअर इंडियाविषयी मराठीत बरंच लिहिलं गेलं आहे. त्यात जे. आर. डी. टाटा असतात, पगडीवाला महाराजा असतो, पडदे, जेवण, हवाईसुंदरींच्या साड्या असतात. ते सगळं खरं आहे. पण सुरुवातीची वर्षं ही विमानसेवा जगली ती पत्रांवर. कंपनीचे पैसे पत्रांवर सुटायचे, मार्ग पत्रांसाठी आखले जायचे आणि सरकारशी भांडणंही पत्रांवरूनच व्हायची. त्यातलं सर्वांत मोठं भांडण नागपूरच्या विमानतळाभोवती झालं, आणि पुढे या सगळ्या धंद्याची चौकशी करायला जो न्यायाधीश नेमला तो मराठी होता. महाराष्ट्रालाच या प्रकरणाचा विसर पडावा, हे मला पटत नाही. म्हणून हा लेख.

कल्पना मुळात टाटांची नव्हती. नेव्हिल व्हिन्सेंट नावाचा रॉयल एअर फोर्समधून बाहेर पडलेला एक वैमानिक विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीस हिंदुस्थानात आला. गावोगावी विमानाची प्रात्यक्षिकं दाखवत, हौशी लोकांना आकाशात फिरवून आणत त्याने हा देश पाहिला. कराचीहून पुढे मुंबईमार्गे मद्रासपर्यंत टपाल नेण्याची योजना घेऊन तो टाटांकडे गेला. जे. आर. डी. तेव्हा पंचविशीत होते. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला होता, आणि त्यावर क्रमांक होता १. त्यांना ही योजना आवडणारच होती. प्रश्न होता तो टाटा समूहाचे प्रमुख दोराबजी टाटांचा. ते राजी नव्हते. जॉन पीटरसन या ज्येष्ठ संचालकाने रदबदली केली, तेव्हा कुठे दोन लाख रुपये मंजूर झाले.

सरकारला पटवायला त्याहून जास्त वेळ लागला. टाटांनी आधी अनुदान मागून पाहिलं. ते मिळेना, तेव्हा अनुदानाशिवायचा प्रस्ताव दिला. सरकारने काही गुंतवू नये, तोट्याची हमीही देऊ नये, फक्त नेलेल्या टपालाचा वजनाप्रमाणे मोबदला द्यावा. एप्रिल १९३२ मध्ये दहा वर्षांचा करार झाला. सेवा सप्टेंबरमध्ये सुरू व्हायची होती, पण त्या वर्षी पावसाने जुहूचं मैदान इतकं भिजवलं की महिनाभर थांबावं लागलं.

१५ ऑक्टोबर १९३२ च्या सकाळी साडेसहाच्या सुमाराला कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून जे. आर. डी. एकटे निघाले. विमान होतं डी हॅविलँड कंपनीचं पस मॉथ. एका इंजिनाचं, वैमानिकामागे जेमतेम दोन माणसं बसतील एवढं. रेडिओ नाही, वाट दाखवणारं कुठलं यंत्र नाही. बरोबर पंचवीसेक किलोची टपालाची थैली. वाटेत अहमदाबादला उतरले, तिथे पेट्रोलचे डबे बैलगाडीवरून आले होते. ते भरून घेऊन दुपारी दोनच्या आत ते जुहूला उतरले. थैली व्हिन्सेंटच्या विमानात गेली. त्याने बेल्लारीला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी मद्रास गाठलं.

जुहूचं ते 'विमानतळ' म्हणजे समुद्राकाठचं सपाट मैदान आणि माडाच्या झावळ्यांनी शाकारलेली एक झोपडी. पावसाळ्यात तिथे पाणी भरायचं. मग सगळा संसार, विमानं, अवजारं, माणसं उचलून पुण्याला न्यायची. पुण्यात त्यांना मिळालेली जागा होती येरवड्याच्या तुरुंगालगतचं मैदान. १९३२-३३ ची ती वर्षं. त्याच तुरुंगात गांधीजी होते, पुणे कराराची बोलणी नुकतीच तिथे झाली होती. तुरुंगाच्या भिंतीशेजारून दर आठवड्याला एक चिमुकलं विमान साम्राज्याची पत्रं घेऊन उठत होतं, आणि तेच विमान पुढे स्वतंत्र देशाच्या विमानसेवेचा पूर्वज ठरणार होतं.

पहिल्या वर्षाचे आकडे बघा. या विमानांनी एक लाख साठ हजार मैल प्रवास केला. प्रवासी नेले १५५. टपाल नेलं १०.७१ टन. नफा साठ हजार रुपये. वर्षाला १५५ प्रवासी म्हणजे आठवड्याला तीन. त्यांच्या भाड्यावर कुणाचं पोट भरलं नसतं. पत्रांनीच कंपनी तारली, आणि पत्रांनीच तिला एक सवय लावली: वेळ. प्रवासी फार तर कुरकुर करतो, पण कराचीला लंडनचं विमान गाठायचं तर टपालाला थांबता येत नाही. नागरी विमानवाहतूक खात्याने आपल्या अहवालात या सेवेच्या वक्तशीरपणाची वाखाणणी केली होती. पुढे एअर इंडियाच्या वेळेविषयी जे नाव झालं, त्याचं मूळ मला या करारात दिसतं.

मार्गही टपालाच्या मागोमाग वाढले. बेल्लारीच्या जागी हैदराबाद आलं. १९३५ मध्ये मुंबईहून गोवा, कन्नूर करत त्रिवेंद्रम. १९३७ मध्ये इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेर करत दिल्ली. साम्राज्यभर पहिल्या वर्गाचं टपाल जादा आकाराशिवाय विमानाने न्यायची ब्रिटिश सरकारची योजना १९३८ मध्ये हिंदुस्थानातही लागू झाली. कराचीपासून कोलंबोपर्यंतचा टप्पा टाटांकडे आला, आणि आठवड्याची फेरी जवळजवळ रोजची झाली. त्याच वर्षी 'टाटा एअरलाइन्स' हे नाव रूढ झालं. युद्ध आलं आणि हे सगळं आटोपलं, विमानं लष्कराच्या कामाला लागली. १९४२ मध्ये व्हिन्सेंट इंग्लंडहून परतताना युद्धातच विमानासह नाहीसा झाला. ज्याच्या डोक्यातून ही सेवा निघाली, त्याला तिचं पुढचं रूप पाहता आलं नाही.

युद्ध संपल्यावर मात्र चित्र पालटलं, आणि मला वाटतं पुढच्या सगळ्या दुखण्याचं बीज इथे पडलं. अमेरिकन सैन्य जाताना हिंदुस्थानात डाकोटा विमानांचा मोठा साठा मागे राहिला. दोन इंजिनांचं, दणकट, कुठल्याही साध्या मैदानावर उतरू शकणारं विमान, आणि ते स्वस्तात मिळत होतं. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० मध्ये बंगळूरला उभारलेल्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये त्यांची डागडुजी होऊन त्यांत प्रवासी आसनं बसू लागली. ज्याच्याकडे भांडवल आहे त्याला वाटू लागलं, आपणही विमान कंपनी काढावी.

१९४६ मध्ये सरकारने परवाने देण्यासाठी मंडळ नेमलं. त्या मंडळाने हात आखडता घ्यायला हवा होता. त्याने तो सैल सोडला. देशभरातल्या विमान प्रवाशांची संख्या दोन-तीन कंपन्यांना पुरेल एवढी, आणि परवाने मिळाले दहाच्या वर कंपन्यांना. वालचंदांच्या सिंदिया कंपनीच्या हाती एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया होती. हैदराबादेत निजामाच्या राज्याची डेक्कन एअरवेज होती. ओरिसातून बिजू पटनायकांची कलिंग आली. भारत एअरवेज, एअरवेज इंडिया, इंडियन नॅशनल, हिमालयन, अंबिका, ज्युपिटर... जे. आर. डी. हे पाहून अस्वस्थ झाले आणि ते त्यांनी उघडपणे बोलून दाखवलं. प्रतिस्पर्धी नकोत म्हणून हा माणूस ओरडतो आहे, असं तेव्हा अनेकांना वाटलं. स्वार्थ त्यात होताच. पण हिशेबही बरोबर होता.

त्याच वर्षी टाटा एअरलाइन्स खाजगी विभागातून बाहेर पडून सार्वजनिक कंपनी झाली. २९ जुलै १९४६ ही ती तारीख. नाव काय ठेवायचं? कंपनीने बॉम्बे हाउस या टाटांच्या मुख्यालयात कर्मचाऱ्यांचं मत घेतलं. इंडियन एअरलाइन्स, पॅन-इंडियन एअरलाइन्स, ट्रान्स-इंडियन एअरलाइन्स आणि एअर-इंडिया अशी चार नावं समोर होती. पहिल्या फेरीत एअर-इंडियाला ६४ मतं आणि इंडियन एअरलाइन्सला ५१. शेवटच्या फेरीत ७२ विरुद्ध ५८. देशाच्या विमान कंपनीचं नाव कारकून, टंकलेखक आणि अधिकारी यांनी मतपत्रिकेवर ठरवलं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. मागे पडलेलं नावही वाया गेलं नाही. सात वर्षांनी ते दुसऱ्या एका कंपनीला लागलं.

स्वातंत्र्य आलं तेव्हा या विमानांची खरी कसोटी लागली. फाळणीत दोन्ही बाजूंची माणसं त्यांनी वाहिली. २७ ऑक्टोबर १९४७ च्या पहाटे श्रीनगरला पहिली शीख बटालियन उतरवायची होती, तेव्हा हवाई दलाकडे पुरेशी विमानं नव्हती. खाजगी कंपन्यांच्या डाकोटा ताब्यात घेऊन सैनिक नेले गेले. त्या दिवसांत या कंपन्यांचे वैमानिक न कुरकुरता उडाले. देशाची म्हणावी अशी विमान कंपनी कागदावर यायच्या आधीच देशाचं काम करून मोकळी झाली होती.

जून १९४८ ची हकिकत बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. जे. आर. डीं.नी सरकारपुढे परदेशी उड्डाणांच्या कंपनीचा आराखडा ठेवला. सरकारचा वाटा ४९ टक्के, एअर-इंडियाचा २५, उरलेला जनतेचा. आणि आणखी दोन टक्के घेऊन बहुमत मिळवण्याचा हक्क सरकारकडे. नव्या सरकारने तो मान्य करायला फार वेळ घेतला नाही. एअर-इंडिया इंटरनॅशनल स्थापन झाली, आणि ८ जून १९४८ च्या रात्री 'मलबार प्रिन्सेस' हे कॉन्स्टेलेशन विमान ३५ प्रवासी घेऊन मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघालं. भाडं होतं १,७२० रुपये. सरकार आणि खाजगी उद्योग यांनी एकत्र चालवलेली ही कंपनी पहिल्यापासून नीट चालली. ती नीट चालली म्हणूनच पुढचा निर्णय अधिक बोचतो.

आता नागपूर.

स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळात दळणवळण खातं रफी अहमद किडवाई यांच्याकडे होतं. या एका खात्यात टपालही होतं आणि नागरी विमानवाहतूकही. टपाल खात्याच्या मंत्र्याला विमानं हाताशी मिळाली तर तो काय करील? किडवाईंनी ठरवलं की संध्याकाळी मुंबईत पेटीत टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी सकाळी कलकत्त्यात, दिल्लीत, मद्रासमध्ये वाटपाला निघालं पाहिजे. गाडीने त्याला दीड-दोन दिवस लागत. दिवसा उडणाऱ्या विमानाने नेलं तरी दिवस मोडतोच, कारण पत्रं संध्याकाळी जमतात. म्हणजे रात्री उडायला हवं.

चार शहरं एकमेकांशी जोडायची तर जोड्या होतात सहा. प्रत्येक जोडीत दोन्हीकडून विमान सोडायचं म्हटलं तर रोज रात्री बारा विमानं. त्यांतली बरीचशी अर्धी रिकामी. पण नकाशा उघडला की मधोमध नागपूर दिसतं. मुंबईपासून विमानाच्या वाटेने सुमारे सातशे किलोमीटर, दिल्लीपासून साडेआठशे, मद्रासपासून नऊशेच्या आसपास, कलकत्त्यापासून त्याहून थोडं जास्त. डाकोटाच्या वेगाने हा अडीच ते साडेतीन तासांचा पल्ला. चारही शहरांतून एकेक विमान रात्री निघेल, मध्यरात्रीनंतर चारही नागपूरला भेटतील, थैल्यांची अदलाबदल होईल आणि पहाटे चारही आपापल्या गावी परततील. बाराऐवजी चार विमानांत काम भागतं.

३० जानेवारी १९४९ रोजी ही सेवा सुरू झाली. गांधीजींच्या हत्येला त्या दिवशी वर्ष झालं होतं. नागपूर तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होतं, आणि सोनेगावचं विमानतळ युद्धकाळात लष्कराने वापरलेलं. तिथे रोज काय घडायचं त्याचा जरा तपशिलात विचार करून पाहा. प्रत्येक विमानातून तीन शहरांच्या थैल्या उतरायच्या, म्हणजे एकूण बारा दिशांचा माल. तो अंधारात, धावपट्टीलगत, चूक न करता चार विमानांत पुन्हा भरायचा. कलकत्त्याची लाखबंद थैली मद्रासच्या विमानात गेली तर ती एक दिवस उशिरा पोहोचणार. प्रवासीही असत, कमी भाड्यात रात्रीचा प्रवास मिळतो म्हणून येणारे. त्यांनाही उतरवून, चहापाणी करून दुसऱ्या विमानात बसवायचं. आणि एक विमान वादळात अडकून उशिरा आलं की बाकी तिघांनी थांबायचं. एकाचा उशीर चौघांचा होतो, आणि चौघांचा उशीर म्हणजे सकाळी चार महानगरांत पोस्टमन रिकाम्या पिशवीने उभे.

दोन महिन्यांनी, १ एप्रिल १९४९ पासून, किडवाईंनी आणखी एक पाऊल टाकलं. जिथे विमानाने पत्र लवकर पोहोचत असेल तिथे देशांतर्गत पत्रं जादा आकार न घेता विमानानेच जातील. म्हणजे कोकणातल्या घरी मनीऑर्डर पाठवणाऱ्या गिरणी कामगाराचा भाऊ कलकत्त्यात हमाली करत असेल, तर त्याला टाकलेलं साधं पोस्टकार्डही आता विमानाने जाणार. गरीब देशाने टपालाच्या बाबतीत घेतलेला हा निर्णय जगातल्या अनेक श्रीमंत देशांनाही लगेच जमला नव्हता. किडवाईंची ही झेप मोठी होती, हे निर्विवाद आहे.

जे. आर. डीं.चा याला कडवा विरोध होता. रात्री उडायला लागतात ते दिवे, रेडिओ, हवामानाचे निरोप यांची सोय पुरेशी नाही. एका इंजिनाने दगा दिला तर वाटेत उतरायला उजेडाची धावपट्टी नाही. आणि आधीच तोट्यात असलेल्या कंपन्यांवर हा नवा बोजा पडतो आहे, असं त्यांचं म्हणणं. मंत्र्यांनी नमतं घेतलं नाही. अनुभवी कंपन्या मागे राहिल्या आणि पहिला करार गेला इंडियन ओव्हरसीज एअरलाइन्स या नवख्या कंपनीकडे. ती काही महिन्यांत बसली. सेवा खंडित झाली. मग हिमालयन एव्हिएशनने ती उचलली, पुढे डेक्कन एअरवेजही त्यात आली.

या वादात मी कुणाच्या बाजूचा? दोघांच्याही, आणि हे मी टाळाटाळ म्हणून म्हणत नाही. किडवाईंना टपालाचं जे दिसलं ते जे. आर. डीं.ना दिसायला हवं होतं, कारण त्यांची स्वतःची कंपनी तशाच एका धाडसावर उभी राहिली होती. १९३२ मध्ये रेडिओ न घेता उडालेला माणूस १९४९ मध्ये दिव्यांचा हिशेब मागत होता. पण १९३२ मध्ये तो एकटा उडाला होता, आणि १९४९ मध्ये मागे प्रवासी बसलेले होते. हा फरक लहान नाही. मंत्र्याने आधी दिवे लावून मग विमानं सोडायला हवी होती.

दरम्यान परवान्यांची खैरात आपली फळं देऊ लागली. अंबिका बंद पडली, ज्युपिटर बंद पडली. पेट्रोल महाग, प्रवासी थोडे, एकाच मार्गावर दोन-दोन कंपन्या. सरकारने पेट्रोलवरच्या करात सवलत दिली, तरी भागेना. जे. आर. डी. चौकशीची मागणी करत होते. अखेर १९५० मध्ये सरकारने समिती नेमली, आणि अध्यक्ष केलं मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ग. स. राजाध्यक्ष यांना.

राजाध्यक्षांचं नाव आज फारसं कुणाला आठवत नाही. हे आयसीएस न्यायाधीश. रेल्वे कामगारांच्या कामाच्या तासांविषयीचा त्यांचा निवाडा प्रसिद्ध आहे. पुढे १९५२ मध्ये देशाचा पहिला वृत्तपत्र आयोग नेमला गेला, त्याचेही तेच अध्यक्ष. सरकार आणि उद्योग दोघांनाही मान्य होईल असा माणूस शोधताना दिल्लीची नजर मुंबईच्या या न्यायाधीशावर वारंवार गेली, यातच त्यांची पत कळते.

समितीने विमान कंपन्यांच्या वह्या उघडल्या. विमान किती तास उडतं, किती वेळ जमिनीवर उभं राहतं, इंजिनाच्या दुरुस्तीला काय लागतं, एका मैलामागे पेट्रोल किती जळतं, असा खर्चाचा बारीक माग काढला. निष्कर्ष असा की देशात जेवढी विमानवाहतूक आहे तिला इतक्या कंपन्या परवडत नाहीत. १९४६ मध्ये दिलेले परवाने गरजेपेक्षा फार जास्त होते. कंपन्यांनी एकत्र येऊन चार घटक करावेत. आणि राष्ट्रीयीकरण? तेही अखेरीस येईल, पण लगेच नको. पाचेक वर्षं या धंद्याला सावरू द्या, मग पाहू.

मला हा सल्ला अतिशय शहाणा वाटतो. त्यात विचारसरणीचा आवेश नाही, मालकांची वकिलीही नाही. रोगाचं निदान केलं आहे आणि औषध हळूहळू द्यायला सांगितलं आहे. पण एकत्रीकरण आपखुशीने व्हायचं होतं. कंपन्यांच्या मालकांत कुणी कुणाच्या हाताखाली जायला तयार नव्हता. प्रत्येकाला वाटलं, दुसरा आधी बुडेल. त्यांच्या या हट्टाने राजाध्यक्षांची पाच वर्षं दोनवर आली.

१९५२ मध्ये दळणवळण खातं जगजीवनराम यांच्याकडे आलं, आणि पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या अंतिम मसुद्यात विमान कंपन्या सरकारी मालकीखाली एकत्र आणण्याचं सूत्र पक्कं झालं. नोव्हेंबरमध्ये जगजीवनरामांनी जे. आर. डीं.ना बोलावून निर्णय सांगितला. सल्ला विचारला नाही. वीस वर्षं ज्याने हा धंदा चालवला त्याला आधी एका शब्दाने विचारलं नाही, ही सल जे. आर. डीं.च्या मनात कायमची राहिली. नेहरूंशी त्यांची पत्रापत्री झाली. दोघांची मैत्री टिकली, मत बदललं नाही.

२८ मे १९५३ रोजी हवाई महामंडळांचा कायदा झाला आणि १ ऑगस्टला कारभार हाती आला. परदेशी उड्डाणांसाठी एअर-इंडिया इंटरनॅशनल, देशांतर्गत उड्डाणांसाठी इंडियन एअरलाइन्स. दुसरीत आठ कंपन्या एकत्र कोंबल्या: एअर-इंडिया, एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया, एअरवेज इंडिया, भारत, डेक्कन, हिमालयन, इंडियन नॅशनल आणि कलिंग. विमानं मिळाली ९९, त्यांत ७४ डाकोटा. आठ कंपन्यांचे आठ पगार, आठ प्रकारच्या नोंदवह्या, आठ प्रकारचे रागलोभ. आठ सुनांना एका रात्रीत एका चुलीवर आणून बसवावं, तसं ते झालं. इंडियन एअरलाइन्सच्या पुढच्या कित्येक कटकटी या दिवसापासूनच्या आहेत, आणि त्यांचं खापर तिथल्या कर्मचाऱ्यांवर फोडणं अन्यायाचं आहे.

परदेशी उड्डाणांच्या कंपनीच्या बाबतीत तसं झालं नाही, कारण तिथे मोडायचं काही नव्हतं. तीच माणसं, तीच विमानं, आणि अध्यक्षही तेच. जे. आर. डीं.नी नाराज असूनही पद स्वीकारलं आणि पगार न घेता १९७८ पर्यंत ते सांभाळलं. इंडियन एअरलाइन्सच्या संचालक मंडळावरही ते बसले. राग धरून घरी बसले असते तरी त्यांना कुणी दोष दिला नसता.

१९५३ च्या निर्णयाला आज सरसकट शिव्या देण्याची पद्धत पडली आहे. मी त्यात सामील होणार नाही. बुडत्या कंपन्यांना एकत्र आणणं भाग होतं, आणि मालकांनी ते स्वतः केलं नाही. नागालँडपासून अंदमानपर्यंत जिथे नफा नाही तिथेही विमान जायला हवं होतं, ते सरकारी कंपनीनेच नेलं. खरी चूक १९४६ ची, परवाने उधळणाऱ्यांची. आणि दुसरी चूक, चालत असलेल्या एअर-इंडिया इंटरनॅशनललाही त्याच कायद्यात ओढण्याची. ४९ टक्क्यांचा तो संयुक्त प्रयोग राहू दिला असता, तर देशाला सरकारी मालकी आणि खाजगी मालकी याखेरीज तिसरी वाट निदान पाहायला मिळाली असती. १९५३ मध्ये वेगळी ठेवलेली ही दोन महामंडळं २००७ मध्ये एकत्र केली, आणि ते एकत्रीकरण कुणालाच पेललं नाही. २७ जानेवारी २०२२ रोजी कंपनी पुन्हा टाटांच्या हाती गेली.

नागपूरची रात्र मात्र या सगळ्यात चालू राहिली. हिमालयन आणि डेक्कन इंडियन एअरलाइन्समध्ये विरघळल्या, डाकोटांच्या जागी चार इंजिनांची स्कायमास्टर आली, पण चार विमानांची मध्यरात्रीची भेट तीच. त्यात अपघातही झाले. डिसेंबर १९५३ मध्ये नागपूरहून मद्रासकडे निघालेलं डाकोटा उड्डाण करताच कोसळलं, एकटा वैमानिक तेवढा वाचला. जे. आर. डीं.ची काळजी पोकळ नव्हती. तरीही पावशतक या सेवेने या देशाच्या पत्रव्यवहाराचा वेग राखला. ती ऑक्टोबर १९७३ मध्ये थांबली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात फेडरल एक्सप्रेस नावाच्या कंपनीची सेवा सुरू झाली होती. सगळीकडची पाकिटं रात्री एका मधल्या गावात आणायची, वाटायची, पहाटे परत पाठवायची, ही तिची पद्धत. व्यवस्थापनाच्या वर्गांत आज ती शिकवली जाते. आपल्याकडे ती चोवीस वर्षं आधी चालू होती, वऱ्हाडाच्या शेजारी.

सोनेगावला त्या रात्री काम केलेली माणसं, टपाल खात्यातले वर्गीकरण करणारे, थैल्या उचलणारे, धावपट्टीवर दिवे सांभाळणारे, विमानं दुरुस्त करणारे, आज फार थोडी उरली असतील आणि तीही सत्तरी ओलांडलेली. त्यांच्या मुलानातवंडांकडे जुनी ओळखपत्रं, पाळीचे कागद, फोटो असतील. नागपुरातल्या इतिहासाच्या प्राध्यापकांनी आणि पत्रकारांनी ते आताच गोळा करावेत. राजाध्यक्ष समितीचा अहवालही मराठीत कुणीतरी नीट मांडायला हवा. हे काम विदर्भातल्या माणसांचं आहे, आणि ते पुढच्या पाच वर्षांत झालं नाही तर कधीच होणार नाही.